टेस्ट नदीचं कोमट पाणी

इंग्लंडहून परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, काय काय पाहिलंत? राजवाडा पाहिलात का, ते मोठं घड्याळ पाहिलंत का, समुद्राखालून जाणारी गाडी पाहिलीत का? मी सांगते, मी एक नदी पाहिली. चार दिवस पाहिली, आणि तीही उलटी, खालून वर. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. आमच्या शेजारच्या प्रधानबाई म्हणाल्या, अहो, नदी बघायला सातासमुद्रापलीकडे कशाला जायचं, आपली कृष्णा काय वाईट होती? त्यांचं काही चुकलं नाही. पण त्या नदीनं माझी अशी फजिती केली की ती लिहून काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी मी कोण ते सांगते. साताऱ्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. सहावी ते दहावी. उत्तरेकडच्या नद्या हिमालयातल्या हिमनद्यांतून उगम पावतात म्हणून बारमाही. आपल्या दख्खनच्या नद्या पावसावर जगतात म्हणून हंगामी. हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवीन. शाळेत मला घाबरत असत, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

तर अशी मी, २००२च्या डिसेंबरात चार महिन्यांसाठी मुलीकडे गेले. मुग्धा बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात डॉक्टर, जावई नितीन कॉम्प्युटरवाला, आणि सोळा वर्षांची नात रिया, जन्मापासून तिथलीच. घर छान, उबदार. पण त्या घरात माझा उपयोग शून्य. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं, पोळ्या फ्रीजरमधून येतात. मी आपली खिडकीत बसून समोरच्यांचं मांजर बघायची. अशात जानेवारीत एक दिवस रिया माझ्याजवळ वही घेऊन आली, तेव्हा मला कोण आनंद झाला म्हणून सांगू.

त्यांच्या शाळेत हिमालयातल्या एका नदीचा धडा झाला होता. वर हिमनदी, खाली कोरडं खोरं, आणि हिमनदीचं पाणी दगडी पाटांनी जवाच्या शेतात नेणारी माणसं. आता प्रत्येकानं आपल्या जवळची एक नदी घ्यायची आणि दोन गोष्टी शोधायच्या: पाणी येतं कुठून, आणि शेतीला त्याचा वापर कसा झाला. रियानं टेस्ट नदी घेतली, कारण ती घरापासून जेमतेम आठ मैलांवर उगम पावते. रियाचं मराठी गोड आहे, पण त्यात नद्या पुल्लिंगी असतात. ती म्हणाली, "आजी, हा नदी समरमध्येपण फुल्ल असतो. व्हाय?"

मी मटार सोलत होते. चष्मा लावला नाही, नकाशा मागितला नाही. म्हटलं, बारमाही आहे ना? मग हिमनदीचं पाणी. ती म्हणाली, पण आजी, इथे माउंटन कुठे आहेत? आता एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला पोरीसोरीसमोर "माहीत नाही" म्हणता येतं का? मी ठोकून दिलं की डोंगर नसला म्हणून काय झालं, हिमयुगातला बर्फ जमिनीखाली राहिला असणार, तो हळूहळू वितळतोय. अगदी शंभर टक्के. रियानं ते तसंच्या तसं लिहिलं. तिच्या शाळेच्या बाईंनी खाली हिरव्या शाईत शेरा दिला, "इंटरेस्टिंग! हे कसं तपासणार?" मी तो शेरा दिवसभर सगळ्यांना दाखवला. नितीन हळूच म्हणाला, "आई, इथे इंटरेस्टिंग म्हणजे चांगलंच असं काही नसतं हं." मला वाटलं, थट्टा करतोय.

हे काम गमतीचं नव्हतं, ते मला ठाऊक होतं. रियाला पुढे भूगोल घ्यायचा होता. भूगोल म्हटलं की मुग्धाच्या कपाळाला आठ्या. तिला लेक केमिस्ट्रीकडे जायला हवी होती. मायलेकींचा करार झाला होता: या कोर्सवर्कला, म्हणजे नदीच्या वहीला, ए मिळाला तर भूगोल, नाहीतर निमूट केमिस्ट्री. वही फेब्रुवारीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारी द्यायची होती. म्हणून सुट्टीत आम्ही दोघींनी नदीकाठानं वर जायचं ठरवलं. तपासायची युक्ती माझीच. म्हटलं, शाळेतून थर्मामीटर आण. जसजसं बर्फाच्या जवळ जाऊ तसतसं पाणी गार होत जाणार. रोज एकदा पाणी मोजायचं, की झालं सिद्ध.

सोमवार, रोमसी

नितीननं सकाळी गाडीनं सोडलं. नऊवारी सोडून मला वर्षं झाली, पण पाचवारीसुद्धा त्या हवेत काही खरी नाही. आतून लोकरी विजार, वरून साडी, त्यावर मुग्धाचा कोट आणि पायात नितीनचे रबरी बूट. रियानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाच पावलं पुढे चालायला लागली.

नदी पाहून मी चक्रावलेच. एक तर ती एक नाही. पुलावर उभं राहिलं की उजवीकडे एक प्रवाह, डावीकडे दुसरा, पलीकडच्या गिरणीमागून तिसरा. यातली नदी कुठली, असं मी रियाला तीन जणांना विचारायला लावलं. तिघांनी तीन दिशांना हात केले आणि तिघेही सॉरी म्हणाले. या लोकांचं मला कळतच नाही. पत्ता सांगायला सॉरी, पाय आपण त्यांच्या पायावर दिला तरी सॉरी म्हणणार तेच.

दुसरं म्हणजे पाणी. आपल्याकडे नदीचं पाणी पावसाळ्यात चहासारखं असतं. इथे आदल्या आठवड्यात धो धो पाऊस होऊनही तळाचे गोटे मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. पूर नाही, गाळ नाही, खळखळाट नाही. मुकाट वाहते, तिथल्या माणसांसारखीच. मी म्हटलं, बघ, हिमनदी! पुढे पुस्तकात पाहिलं तर हिमनदीचं पाणी पिठाच्या पाण्यासारखं गढूळ असतं, कारण बर्फ दगड दळत येतो. म्हणजे पहिल्याच दिवशी नदी मला सांगत होती. मी ऐकलं नाही.

रियानं थर्मामीटर दोरीला बांधून सोडला. आठ. वहीत तक्ता आखला, आठ लिहिलं. मी सोबत आणलेली थालीपिठं आम्ही बाकावर बसून खाल्ली. समोर बदकं अशी रांगेत येऊन उभी राहिली की पंगतीत वाढपी यायची वाट बघतायत. दुपारी बसनं स्टॉकब्रिजला गेलो.

मंगळवार, स्टॉकब्रिज

स्टॉकब्रिज म्हणजे एक लांबलचक रस्ता, आणि त्या रस्त्याखालून नदी पाचसहा ठिकाणी आरपार जाते. दुकानात ब्रेड घ्यायला गेलं की पायरीशेजारून नदी, पोस्टात गेलं की मागून नदी. पुन्हा तोच प्रश्न, खरी कुठली? आम्ही उतरलो होतो त्या घरच्या बाई म्हणाल्या, सगळ्याच. आणि पुलावरून खाली बोट करून त्यांनी मला ट्राउट मासे दाखवले, हातभर लांब, पाण्यात स्थिर उभे. ते धरायला लोक लांबून येतात, दिवसभर काठावर उभे राहतात, आणि पुष्कळदा धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात. मी दोनदा विचारलं. हो, सोडून देतात. माझी मती गुंग झाली.

न्याहारीला त्यांनी गोड चवीच्या सॉसमधला घेवडा टोस्टवर घालून दिला. मी पिशवीतून लसणीची चटणी काढली आणि त्यावर भुरभुरली. बाईंनी चाखायला मागितली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ली आणि म्हणाल्या, "इंटरेस्टिंग." मला बरं वाटलं.

पाणी मोजायची वेळ आली. माझा अंदाज सात. थर्मामीटर म्हणाला नऊ.

मी पुन्हा मोजायला लावलं. नऊ. दुसऱ्या प्रवाहात. नऊ. मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलाय, शाळेतल्या वस्तू अशाच असतात. संध्याकाळी चहा पिताना रिया तक्ता समोर घेऊन बसली होती. आणि मी तिला जे सांगितलं ते लिहायला माझा हात जड होतोय. पण लिहिते. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या वह्या कशा भरतात, ते तुम्हाला माहीत आहे. उत्तर काय यायला हवं ते आधी बघायचं आणि मग त्यावरून मागे मागे जात रीडिंग लिहायची. मी स्वतः विद्यार्थिनी असताना तसंच केलं, बाई झाल्यावर तशाच वह्यांवर सह्या केल्या. मी म्हटलं, रिया, नऊ खोडून सात लिही.

ती म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग."

मी म्हटलं, चीटिंग नाही, ॲडजस्टमेंट. यंत्राची चूक आपण दुरुस्त करतोय. आणि डोळे मोठे केले, वर्गात करायची तसे. पोरगी घाबरली की काय कोण जाणे. तिनं नऊ खोडून सात लिहिलं, पण पेन्सिलीनं, आणि इतकं फिकट की दिव्याखाली धरल्याशिवाय दिसू नये.

बुधवार, लाँगपॅरिश

सकाळी टॅक्सीनं वरच्या गावी गेलो. रात्री कडक थंडी पडली होती. गवत पांढरं, कुंपणं पांढरी, पायाखाली कुरकुर आवाज. आणि नदीतून वाफा निघत होत्या. बंबातून निघतात तशा, संथ. मी बघतच राहिले.

काठावर टेरी नावाचा साठीचा माणूस पाण्यातल्या फळ्यांत अडकलेला पालापाचोळा आकड्यानं ओढून काढत होता. नदीची राखण करणं हेच त्याचं काम. तण कापायचं, काठ बांधायचे, फळ्या वरखाली करून पाणी कमीजास्त सोडायचं. आपल्या कालव्याच्या दारांवर पाटकरी असतो ना, तसाच. मला बघून तो म्हणाला, "मॉर्निंग, माय लव्ह." मी दचकले. माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षांच्या संसारात मला असं म्हटलं नव्हतं. रिया हसू दाबत म्हणाली, आजी, इथे बसचा ड्रायव्हरपण असंच म्हणतो.

रियानं वही दाखवून विचारलं, शेतीला या नदीचं पाणी कधी वापरलं का? टेरीनं आकडा खाली ठेवला आणि आम्हाला मागच्या कुरणात नेलं. तिथे मी जे पाहिलं ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. सरी-वरंबा! आपल्या उसाच्या रानात असतात तसेच, फक्त मोठे, आणि गवतानं झाकून गेलेले. वरंब्याच्या माथ्यावरून एक बारीक चर, दोन वरंब्यांमध्ये खोल सरी. टेरीचे आजोबा या कुरणाचे ड्राउनर होते, म्हणजे बुडवणारे. कोणाला बुडवायचे, असं मी घाबरत विचारलं. गवताला, तो म्हणाला. नदीची फळी उचलायची, पाणी माथ्यावरच्या चरांत घ्यायचं, ते दोन्ही अंगांनी गवतातून झिरपत सरीत उतरायचं आणि सरीतून पुन्हा नदीला मिळायचं. पाणी साचू द्यायचं नाही, चालतं ठेवायचं. साचलं की गवत मेलं. कुदळ खांद्यावर घेऊन आजोबा दिवसभर चर नीट करत फिरायचे.

इथपर्यंत सगळं समजलं. पण हे ते कधी करायचे? उन्हाळ्यात नाही. भर थंडीत! डोक्यावर बारा महिने पाऊस, अंगावर चार कपडे, आणि हे लोक जानेवारीत कुरणाला पाणी देत होते. मी रियाला म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय, पुन्हा विचार. टेरी पुन्हा समजावू लागला, आणि मग बोलणं सोडून त्यानं मला हातमोजा काढायची खूण केली.

मी वाकून नदीत हात घातला. पाणी कोमट होतं.

म्हणजे अंघोळीचं नव्हे. पण बाहेर बोटं गळून पडतील अशी थंडी, आणि पाण्यात हात सुखावला. टेरी सांगत होता की हे पाणी थंडीत आणि उन्हाळ्यात जवळजवळ एकसारखंच असतं. ते अंगावरून फिरत राहिलं की गवताला दहिवर लागत नाही, ते लवकर वाढतं, आणि कोकरं झालेल्या मेंढ्यांना इतर कुठे काही नसताना इथे हिरवं मिळतं. मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात एकच शब्द वाजत होता: विहीर. थंडीत कोमट, उन्हाळ्यात गार, ते विहिरीचं पाणी. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आपल्याकडे द्राक्षवाले कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला विहिरीचं पाणी सोडतात ते याचसाठी. पाऊस जमिनीत मुरतो, महिनोन्‌महिने आत राहतो आणि खाली वाहून येतो. बर्फाचा काय संबंध?

टेरीनं पायानं माती उकरून पांढरा मऊ दगड दाखवला. खडूचा दगड. सगळा मुलूखच खडूचा आहे म्हणे, पाणी त्यात स्पंजात मुरावं तसं मुरतं. एकतीस वर्षं मी खडू हातात धरला, आणि तो पाणी पितो हे मला साठीनंतर एका पाटकऱ्यानं सांगावं!

रियानं मग धीर करून विचारलंच, ही नदी ग्लेशियर-फेड आहे का? टेरीनं टोपी मागे सरकवली, माझ्याकडे बघितलं, बराच विचार केला. "वेल," तो म्हणाला, "दॅट्स ॲन इंटरेस्टिंग आयडिया."

इंटरेस्टिंगचा अर्थ मला तेव्हा लागला. शाळेतल्या बाईंचा आणि चटणी खाल्लेल्या बाईंचाही.

थर्मामीटर म्हणाला साडेनऊ. रियानं माझ्याकडे न बघता साडेनऊ लिहिलं, शाईनं. टॅक्सी करून आम्ही व्हिटचर्च स्टेशनला आलो. घरी जाणाऱ्या गाडीला वीस मिनिटं होती. तेवढ्यात मला बोलता आलं असतं. मी थर्मासमधला चहा ओतला, आज ऊन बरं पडलंय म्हटलं, तुला बिस्किट हवं का विचारलं. ती नको म्हणाली. तिच्या वहीत पहिल्या पानावर माझं वाक्य होतं, मधे माझा सात होता, आणि सोमवार पाच दिवसांवर आला होता.

गुरुवार, ॲश

सकाळी घरून गाडीनं येऊन ओव्हर्टनला उतरलो आणि चालत निघालो. आज नदी आमच्यासोबत बारीक होत गेली. आधी ओढा, मग पाट, मग उडी मारून ओलांडावी एवढी. नकाशावर निळी रेघ एका ठिकाणी सुरू होते. तिथे पोचलो तर पाणी त्याच्याही वरून येत होतं. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हिवाळ्यात पाऊस चांगला झाला की नदी वरच्या शेतात सुरू होते, उन्हाळ्यात खाली सरकते. मी हतबुद्ध झाले. उगम सरकतो? मी मुलींना उगमाच्या जागेवर टिंब काढायला लावायची, आणि टिंब हललं तर मार्क कापायची. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात ते उगाच नाही.

दोन शेतं ओलांडली आणि पाणी संपलं. म्हणजे सुरू झालं. साधं गवत, पायाखाली पचपच, आणि गवताच्या मुळांतून पाणी वर येतंय. आवाज नाही, फेस नाही. बाजूला क्रेसचा हिरवा पुंजका, तिखट पाल्याचा, बाजारात जुड्या मिळतात तोच. रियानं गुडघे टेकले, थर्मामीटर धरला, आणि वाचून दाखवला. साडेदहा.

मग तिनं मान वर करून सरळ मराठीत विचारलं, "आजी, बर्फ कुठे आहे?"

मी म्हटलं, "बर्फ नाही. नव्हताच. मी नकाशासुद्धा न बघता सांगितलं. माझं चुकलं, रिया. आणि तो सात लिहायला लावला, ते तर फारच चुकलं."

हे बोलायला मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. मला वाटलं होतं की ती म्हणेल, जाऊ दे. ती उभी राहिली.  "तू हंड्रेड पर्सेंट म्हणाली होतीस. आय बिलीव्ह्ड यू, आजी. मम्मी आता केमिस्ट्रीच घ्यायला लावणार." आणि ती तरातरा शेतातून चालायला लागली.

मी मागे धावले. साडीत, जावयाच्या बुटांत. चार पावलांत डावा बूट चिखलानं धरला, पाय तेवढा बाहेर आला, आणि मी एका पायावर, मोजा हवेत, अशी उभी राहिले. हाक मारायचीसुद्धा लाज वाटत होती. रियानं मागे बघितलं. थोडा वेळ तिनं मला तशीच उभी ठेवली, ते मला मान्य आहे. मग परत आली, बूट उपसला, माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेऊन त्यात घातला. हसली नाही. फाटकाशी आल्यावर तिनं वही काढली, सात खोडरबरानं पुसला आणि नऊ लिहिलं. आठ, नऊ, साडेनऊ, साडेदहा. मी म्हटलं, आता सगळं नव्यानं लिहावं लागेल, पहिलं पान फाडून टाक. तर ती म्हणाली, का? पहिलं पान तसंच राहील. मिस म्हणते, आपलं म्हणणं चुकलं तर चालतं, आकडे खोटे चालत नाहीत. का चुकलं ते नीट दाखवलं की मार्क मिळतात.

चुकल्याचे मार्क? मी गाडीत बसेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा विचारत होते.

बेसिंगस्टोक

त्या संध्याकाळी मी क्रेसची ताक घालून पातळ भाजी केली, वरून लसणीची फोडणी. मुग्धा ड्यूटीवरून आली, जेवायला बसली, आणि कोर्सवर्क कसं चाललंय म्हणून विचारलं. रियानं ताटात मान घातली. मी म्हटलं, "मुग्धा, चूक तिची नाही, माझी आहे." आणि सगळं सांगितलं, मटारापासून सातापर्यंत.

मुग्धा ऐकत होती. तिनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "आई, आपल्या गावचा ओढा आठवतो तुला?"

आठवणार नाही कसा? यांच्या गावी, डोंगराच्या कुशीत. दर मे महिन्यात आम्ही जायचो. तिची झबली, तिचे फ्रॉक मी त्याच ओढ्यात धुतलेत.

ती म्हणाली, "सहावीत तू पेपरात विचारलं होतंस, तुमच्या भागातल्या नदी-ओढ्यांची माहिती लिहा. मी लिहिलं, आमचा ओढा बारमाही आहे. तू त्यावर लाल रेघ मारलीस आणि सगळ्या वर्गासमोर मला तासभर बाकावर उभं केलंस. बाईंची मुलगी म्हणून जास्तच. घरी आल्यावर मी वाट बघत होते की तू काहीतरी म्हणशील. तू भात वाढलास."

मला ते आठवत नव्हतं. तीसएक वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं आणि मला आठवतसुद्धा नव्हतं. मे महिन्यात त्या वाहत्या पाण्यात उभी राहून कपडे पिळणारी मी, जूनमध्ये वर्गात जाऊन सांगत होते की आपल्याकडे पाणी बारमाही नसतं.  भाजी गार झाली. रिया एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर नदी पसरली होती. रियानं सरी-वरंब्याचं चित्र काढलं, मी बाण काढले. ग्रंथालयातून तिनं एक पुस्तक आणलं. त्यात असं निघालं की हिमयुगात तिथली जमीन गोठून दगड झाली होती, पाणी मुरेना, म्हणून वितळलेलं बर्फाचं पाणी वरूनच वाहिलं आणि त्यानं आसपासच्या कोरड्या दऱ्या कोरल्या. रिया धावत आली. "आजी, यू वर अ लिटल बिट राइट!" मी म्हटलं, तेवढ्यानं मार्क मिळत नाहीत. ती म्हणाली, मिळतात.

शेवटी तिनं लिहिलं की माझं म्हणणं चुकीचं ठरलं, आणि ते मी का मानलं होतं, तर माझी आजी भूगोलाची शिक्षिका आहे आणि मी नकाशा पाहिला नाही. मी म्हटलं, त्याखाली लिही, आजीनंही पाहिला नाही. तिनं लिहिलं. मार्चमध्ये विषयांचा फॉर्म आला. मार्क अजून लागायचे होते. मुग्धानं दाराशी उभ्याउभ्याच त्यावर सही केली, भूगोलासकट, आणि हॉस्पिटलला गेली. ए मिळाल्याचं नंतर कळलं, पण तोवर त्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं.

सातारा

निघताना रियानं मला एक थर्मामीटर दिला, नवा, दोरीसकट. मे महिन्यात मी एसटीनं गावी गेले. यांना जाऊन सात वर्षं झाली, मीही तेवढ्यात फिरकले नव्हते. ऊन रणरणत होतं, खालची शेतं भाजून निघाली होती, आणि वाटेत मला खरोखरच भीती वाटत होती की आता तिथे काही नसेल. जांभळीखालून खाली उतरले. ओढा होता. वीतभर पाणी, पण वाहतं. मी चपला काढून त्यात उभी राहिले आणि दोरी सोडली.

संध्याकाळी साताऱ्याला येऊन मुग्धाला फोन लावला. ती हॉस्पिटलातच होती, मागे घंट्या वाजत होत्या. म्हटलं, "मुग्धा, ओढा वाहतोय गं. मे महिन्यात. तुझं उत्तर बरोबर होतं."

तिनं तिकडे कुणाला तरी एक मिनिट थांबायला सांगितल्याचं ऐकू आलं. 

"टेंपरेचर किती आलं?" तिनं विचारलं.

"बावीस."

"लिहून ठेव," ती म्हणाली. "आणि आई, आलं तेवढंच लिही हं."

मी बावीस लिहिलं. शाईनं.